सात महिन्यांचं बाळ दर दीड तासाला उठतं, त्याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा 7 महिन्यांचा, वजन 8.2 किलो, अंगावर पितो, सहा महिने झाल्यावर नाचणीचं सत्त्व आणि मुगाची खिचडी सुरू केलीय. झोळीशिवाय झोपत नाही. रात्री साडेदहा-अकराला एकदाचा झोपतो आणि मग दर दीड तासाला उठतो, उठला की अंगावर घ्यावं लागतं, दोन मिनिटं चोखतो आणि परत झोपतो. तुमची 26 आठवड्यांची रजा आणि वरची साठवलेली रजा संपत आलीय, तीन आठवड्यांनी ठाण्याहून लोकल पकडून ऑफिस सुरू. सासूबाई म्हणतात दूध पातळ आहे, रात्री पावडरचं दूध द्या. शेजारच्या काकू म्हणतात जायफळ उगाळून चाटवा. मिस्टरांनी परदेशातला कुठला तरी व्हिडिओ दाखवलाय की खोलीत ठेवून दार लावायचं, तीन दिवसांत शिकतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हा रात्रभर सलग कधी झोपणार आणि माझंच काही चुकतंय का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, 22 वर्षं झाली प्रॅक्टिसला, त्यातली पहिली काही सरकारी हॉस्पिटलात. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. बाळ रडलं, तुम्ही घेतलंत, त्याला झोप लागली, तुम्हालाही लागली, कुठल्याही आईने हेच केलं असतं. फक्त तीन आठवड्यांनी परिस्थिती बदलतेय म्हणून आपल्याला पद्धत बदलायची आहे, इतकंच.

आता मूळ प्रश्न. "रात्रभर सलग झोप" ही अपेक्षाच जरा बाजूला ठेवूया, कारण सलग कुणीच झोपत नाही, तुम्ही आम्हीसुद्धा नाही. आपण रात्रीतून चार-पाच वेळा वर येतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि परत जातो, सकाळी आठवतही नाही. मोठ्या माणसाचं झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं, या वयाच्या बाळाचं तासाभराच्या आसपास. म्हणजे दर चक्राच्या शेवटी तो वर येणारच. कॅनडात 388 बाळांची पाहणी झाली होती, 2018 मध्ये छापून आली, त्यात 6 महिन्यांच्या बाळांपैकी साधारण 38 टक्के बाळं सलग 6 तासही झोपत नव्हती, आणि वर्षाची झाल्यावरही 28 टक्के झोपत नव्हती. ही सगळी चांगली वाढणारी बाळं. मी हा आकडा क्लिनिकमध्ये रोज कुणाला तरी सांगते, कारण "माझ्या नणंदेचा तर तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपतो" हे ऐकून आया रडत येतात.

त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की उठल्यावर तो परत कसा झोपतो. बाळ ज्या स्थितीत झोपी जातं तीच स्थिती ते मध्यरात्री वर आल्यावर शोधतं. कल्पना करा, तुम्ही तुमच्या गादीवर उशी घेऊन झोपलात आणि रात्री एकला जाग आली तर तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर आहात, उशी गायब. तुम्ही दचकून उठाल की नाही? तो झोपतो तेव्हा झोळी हलत असते, तोंडात आईचं दूध असतं, अंगाला कपड्याचा वेढा असतो. तासा-दीड तासाने वर येतो तेव्हा झोळी थांबलेली, दूध नाही, किंवा गादीवर एकटाच. मग तो हाक मारतो. यात हट्ट नाही, सवय लावून बिघडवलाय असंही नाही, त्याला परत झोपायचा दुसरा रस्ता माहीतच नाही. आणि तो रस्ता रात्री तीन वाजता शिकवता येत नाही कारण तेव्हा तुमच्या दोघांच्याही अंगात त्राण नसतं. संध्याकाळी पहिल्यांदा झोपवताना शिकवायचा. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे, बाकीचं त्याच्या आजूबाजूचं.

पण त्याआधी, सवय आहे की दुखणं आहे हे बघणं माझं काम आहे. वजन 8.2 म्हणजे या वयाला छान आहे, त्यामुळे "दूध पातळ, पोट भरत नाही" हे मी वजनावरूनच बाजूला ठेवीन. आईचं दूध पातळ असं काही नसतं, सुरुवातीचं दूध निळसर पाणीदार दिसतं आणि शेवटचं दाट, दोन्ही एकाच बाईचं, एकाच वेळचं. मात्र पुढच्यापैकी काही असेल तर झोपेचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा: घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन थांबणं, दूध पिताना कपाळावर घाम आणि धाप, ताप, कान ओढत आडवं केलं की किंचाळणं, वजन वाढायचं थांबणं, किंवा अंगावर पुरळ आणि रात्री खाजवणं. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाळ झोपेच्या तक्रारीसाठी आलं, तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, आणि मी पायातले मोजे काढले तर तळव्यावर बारीक पुटकुळ्या. खरूज होती. घरातल्या सगळ्यांना मलम लावायला सांगितलं, काही दिवसांत बाळ शांत झोपायला लागलं. आणि प्रत्येक गोष्ट दातांवर ढकलू नका, दातांनी किरकिर होते, लाळ गळते, पण चांगला ताप आला तर त्याचं कारण दुसरं शोधायचं.

अजून एक, लोह. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. लोह कमी पडलं की झोप अस्वस्थ होते, पाय झाडतात, चिडचिड करतात. नाचणीचं नाव सगळे घेतात, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, पण तिच्यातलं लोह बाळाच्या अंगी फारसं लागत नाही. त्यामुळे खात असाल तर अंडं, मासे, मऊ शिजवून घोटलेला खिमा आतापासून द्यायला हरकत नाही, शाकाहारी असाल तर डाळीवर लिंबाचे थेंब पिळून द्या. सरकारच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, दर वेळी 1 मिली, देतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या की याला सुरू केलंय का, बऱ्याचदा राहून जातं.

आता तीन आठवडे कसे वापरायचे ते सांगते.

पहिला आठवडा रात्रीला हात लावू नका. फक्त दिवस नीट करा. एक साधी वही घ्या आणि तीन दिवस किती वाजता उठला, किती वाजता झोपला, कधी प्यायला, कधी खाल्लं एवढंच लिहा, तेही सासूबाईंना किंवा मिस्टरांना लिहू दे. ही वही बघितली की निम्म्या घरांत मला उत्तर तिथेच मिळतं. तुमच्याकडे काय दिसेल याचा मी अंदाज करते: सकाळी नऊ-साडेनऊला उठतो, साडेअकराला मालिशवाल्या बाई येतात, तेल-आंघोळ, शेक, टोपरं घालून गुंडाळून ठेवला की दोन-अडीच तास ढिम्म झोपतो. मग संध्याकाळी सहाला परत एक झोप. मग रात्री नऊला वडील घरी येतात, बाळ दिवसभर दिसलेलं नसतं, साहजिक आहे, उचलून वर उडवतात, खिदळतात, टीव्ही चालू, सगळे जेवतायत, आणि मग अकराला झोळी ढकलून ढकलून हात दुखतात. या वयाच्या बाळाला 24 तासांत 12 ते 16 तास झोप लागते, सगळी मिळून. त्यातली मोठी खेप दुपारी खर्च झाली तर रात्रीला उरणार काय?

म्हणून सकाळी सातच्या आसपास उठवा, उठवायचा जीव होणार नाही तरी उठवा, आणि गॅलरीत किंवा खिडकीत उजेडात दहा-पंधरा मिनिटं बसवा. दिवस-रात्रीचं शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. दिवसाच्या झोपा दोन किंवा तीन, एकेक तास-दीड तासाची, आणि शेवटची संध्याकाळी पाचच्या आत संपलेली. दोन झोपांमध्ये दोन ते तीन तासांचा जागेपणा. मालिशवाल्या बाईंना शक्य असेल तर संध्याकाळी सहा-साडेसहाला बोलवा, नसेल जमत तर सकाळी नुसती मालिश आणि संध्याकाळी तुम्हीच कोमट पाण्याची आंघोळ घाला. आंघोळीनंतर बाळाला जी गुंगी येते ती दुपारी वाया घालवण्यापेक्षा रात्रीला वापरायची. धुरी मात्र बंद करा. ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी बंद खोलीत दिली की तो धूर बाळाच्या छातीतच जातो, नाक चोंदलं की झोप आणखी तुटते. माझ्या आजीनेही आम्हाला धुरी दिली, प्रेमानेच दिली, पण आता आपल्याला माहीत आहे ते आपण करूया.

दिवसा पाजणंही नीट बघा. या वयात बाळं दिवसा पितच नाहीत धड, पंखा फिरला की पंख्याकडे, बेल वाजली की दाराकडे, दोन मिनिटांत तोंड काढतात. मग राहिलेलं दूध रात्री वसूल करतात. दिवसा दर तीनेक तासांनी आतल्या खोलीत, पडदा ओढून, फोन बाजूला ठेवून पाजा. वरचं खाणं दोन ते तीन वेळा, चार-पाच चमच्यांपासून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. संध्याकाळचं खाणं सातपर्यंत. भरपेट सत्त्व पाजलं की रात्रभर झोपेल अशी सगळ्यांची समजूत असते, त्यावर इंग्लंडमध्ये मोठा अभ्यास झालाय, तिसऱ्या महिन्यापासून वरचं खाणं सुरू केलेल्या बाळांची रात्रीची झोप जास्तीत जास्त 16-17 मिनिटांनी वाढली. सतरा मिनिटं. पावडरच्या दुधाचंही तेच, त्याने झोप वाढेल अशी खात्री नाही. तुम्हाला ऑफिसमुळे वरचं दूध लागणार असेल तर तो वेगळा निर्णय, तो जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही, पण झोपेसाठी म्हणून नको.

दुसरा आठवडा, खरं काम. झोपायची वेळ अकरावरून एकदम आठवर आणू नका, दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे घ्या, साधारण साडेआठला आणून थांबवा. क्रम रोज तोच ठेवा: आंघोळ किंवा ओल्या फडक्याने पुसणं, सुती कपडे, मग पाजणं आणि हे पाजणं दिवा चालू असताना, बाळ जागं असताना, मग देवापाशी आजीच्या मांडीवर दोन मिनिटं, मग खोलीत अंधार, अंगाई, थोपटणं. दूध आणि झोप यांच्यामध्ये एवढीच दहा-पंधरा मिनिटांची फट पाडायची आहे. ती फट पडली की निम्मं काम झालं असं समजा, कारण मग "तोंडात दूध असेल तरच झोप" ही गाठ सुटायला लागते.

झोळीचं काय करायचं? मी झोळीच्या विरोधात नाही, साडीच्या झोळीत आपल्या पिढ्या वाढल्या. पण सात महिन्यांचं बाळ पालथं पडतं, बसायला धडपडतं, झोळीतून पडलेली बाळं मी टाके घालायला घेतलेली आहेत. शिवाय झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते, म्हणून कुणी लक्ष ठेवायला नसताना रात्रभर झोळी नकोच. एकदम बंद करू नका. पहिले तीन दिवस झोळीत हलवा पण डोळे जड झाले की हलवणं थांबवा आणि थांबलेल्या झोळीत हात छातीवर ठेवून झोपू द्या. पुढचे तीन दिवस झोळीत पेंगायला आला की उचलून गादीवर ठेवा आणि थोपटा. मग झोळी न घेता थेट गादीवर. दुपारची झोप सासूबाईंनी डोळ्यांसमोर झोळीत घेतली तर सुरुवातीला घेऊ दे, त्यांचाही हात त्या झोळीत गुंतलेला असतो, पण बाळ धरून उठायला लागलं की दिवसाचीही बंद.

गादीवर ठेवल्यावर तो रडेल. हे मी आधीच सांगते. उताणं ठेवा, एक हात छातीवर, दुसऱ्याने मांडीच्या बाजूला हळू लयीत थोपटा, आवाज एकच, "हां... हां..." फार बोलू नका, दिवा लावू नका. फारच आकांत केला तर उचला, खांद्यावर शांत करा आणि झोप लागायच्या आधी परत ठेवा. पहिल्या रात्री चाळीस-पन्नास मिनिटं जातील, कदाचित दुसऱ्या रात्री जास्त. बहुतेक घरांत चौथ्या-पाचव्या रात्री फरक दिसायला लागतो. मग हळूहळू थोपटणं कमी, नुसता हात, मग नुसतं शेजारी बसणं.

मिस्टरांच्या व्हिडिओबद्दल. बाळाला थोडं रडू दिलं तर त्याच्या मनावर कायमचा परिणाम होतो असं जे सांगतात त्याला पुरावा मिळालेला नाही. ऑस्ट्रेलियात 326 बाळांवर अभ्यास झाला, बाळं बरोबर 7 महिन्यांची, झोपेची तक्रार असलेली. काही आईवडिलांना एकतर थोड्या थोड्या वेळाने जाऊन समजूत काढायची पद्धत शिकवली, नाहीतर शेजारी बसून हळूहळू लांब सरकायची. मुलं 6 वर्षांची झाल्यावर परत तपासली, 2012 मध्ये निष्कर्ष आले, तोटा काही दिसला नाही आणि पुढे टिकणारा फायदाही दिसला नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांनी शांत व्हावं असा निष्कर्ष आहे. पण दार लावून सोडून देणं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मी तुमच्या घराचा विचार करते. वन बीएचके, बाहेर सासू-सासरे, भिंतीपलीकडे शेजारी. दुसऱ्या रात्री पस्तिसाव्या मिनिटाला आजोबा उठतील आणि नातवाला घेतील, त्यांच्या जागी मी असते तरी घेतलं असतं. आणि मग बाळ शिकेल की पस्तीस मिनिटं रडलं की घेतात. जी पद्धत घरातलं प्रत्येक माणूस दहा रात्री पाळू शकेल तीच तुमच्यासाठी चांगली. म्हणून शेजारी बसायची पद्धत सुचवतेय.

आता रात्रीचं उठणं. इथे एक गोष्ट मला जरा जवळून दाखवायची आहे. एक आई फोनवर रात्रीचा व्हिडिओ घेऊन आली होती, "बघा किती वेळा उठतो." मी तो तिच्या शेजारी बसून बघितला. बाळ आधी नाक उडवतं, मग पाय वर उचलून धपकन खाली, मग "अं... अं... अंऽऽ", चेहरा वेडावाकडा, डोळे बंद. आणि विसाव्या सेकंदाला आईचा हात येतो, उचलतो, आणि बाळाचे डोळे उघडतात. तिला मी म्हटलं, आज रात्री हात यायच्या आधी साठ आकडे मोजा, डोळे मिटलेले असतील तर हात लावू नका. चार दिवसांनी तिचा मेसेज आला, सहा वेळा उठणारा तीन वेळा उठत होता. बाकीच्या तीन वेळा तो उठतच नव्हता, ती उठवत होती. ही हलकी झोप असते, त्यात बाळं आवाज करतात, हसतात, रडल्यासारखं करतात. मध्यरात्रीनंतर अशी झोप जास्त असते, म्हणूनच दोन ते पाच हा वेळ सगळ्यात त्रासाचा वाटतो.

साठ मोजूनही खरंच जागा झाला तर? रात्री दोन वेळा पाजायचं ठरवा, एकदा बारा-साडेबाराच्या सुमारास, एकदा चारच्या सुमारास. या वयात एक-दोनदा रात्री भूक लागणं अगदी रास्त आहे, ते बंद करायचा प्रयत्न करू नका. बाकीच्या वेळी वडिलांनी जायचं. याचं कारण साधं आहे, आईच्या अंगाला दुधाचा वास येतो, तो वास आल्यावर नुसतं थोपटून घेणं बाळाला फार अवघड जातं. वडील थोपटतील, पहिल्या दोन रात्री रडेल, पण तो बाबांच्या हाताखाली रडतोय, एकटा नाही.

झोपायची जागा याच ओघात सांगते, कारण आता तो रात्रभर गादीवर असेल. कडक, सपाट गादी, तुमच्याच खोलीत, शक्यतो वेगळी आणि तुमच्या गादीला लागून. मोहरीची उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणी सगळं काढा. उताणा ठेवायचा, तो आपला आपण पालथा झाला तर होऊ दे. तुमच्या दोघांच्या मधे नको, सोफ्यावर घेऊन कधीच झोपू नका, आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा प्यायलेलं असेल तर त्याच्या शेजारी अजिबात नको. टोपरं रात्री काढा. आपल्याकडे बाळाला थंडी वाजेल याची फार काळजी, ठाण्याच्या उकाड्यात टोपरं, मोजे, दुपटं, आणि बाळ घामाने ओलं होऊन उठतं. मानेच्या मागे हात घालून बघा, घाम असेल तर कपडे जास्त झालेत. आणि रात्रीपुरता तरी चांगला डायपर वापरा, लंगोट दर दीड तासाला ओला होतो आणि थंडगार लागतो, निम्म्या वेळा तोच उठवतो.

जायफळ. याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. बाळगुटीत एक वेढा जायफळ हे परंपरेने चालत आलं, पण "झोपत नाही तर दोन वेढे जास्त" असं करताना मी पाहिलंय. जायफळात मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, सहाणेवरच्या एका वेढ्यात किती आलं हे कुणालाच मोजता येत नाही. आणि हे नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळगोळी देऊन जायच्या, त्या काळच्या पाहण्यांमध्ये याची नोंद आहे. त्या बायका वाईट आया नव्हत्या, बारा-बारा तास बाळ कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न त्यांना एकट्यांनी सोडवायला लावला होता. तुम्हीही तीन आठवड्यांनी कामाला जाताय म्हणून मला ते आठवलं. तुमच्याकडे घरात माणसं आहेत, डॉक्टर आहे, तुम्हाला गुंगी आणणाऱ्या कशाची गरज नाही. सर्दीचं औषध झोपेसाठी देणं तर जायफळाइतकंच वाईट, सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये असं छापायचा आदेश सरकारने 2023 मध्ये काढलाय. मधाचं बोटही वर्ष होईपर्यंत नको.

सासूबाईंना हे सगळं तुम्ही सांगायला गेलात तर भांडण होईल, म्हणून सांगू नका. पुढच्या लसीला किंवा वजनाला त्यांना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. मी स्वतः आजीलाच विचारते, "आजी, दिवसा कोण बघणार याला? मग वही तुम्ही ठेवा." तुम्ही ऑफिसला गेल्यावर दिवसाचे दहा-अकरा तास त्याच सांभाळणार आहेत, त्यांना पटलेली पद्धतच टिकेल.

आता तुमच्याबद्दल. बाळाची सगळ्यात लांब झोप पहिली असते, झोपल्यापासूनचे तीन-चार तास. आणि नेमक्या त्या वेळात तुम्ही ओटा आवरता, कपडे घड्या करता, मग जरा फोन बघता आणि साडेअकराला आडव्या होता, तेव्हा त्याची उठायची वेळ झालेली असते. हे तीन आठवडे नऊला झोपा. ओटा राहू दे. नऊ ते बारा झोपलात तर तेवढ्याने माणसात याल. मिस्टर तोपर्यंत ड्युटीवर, मग बाराचं आणि चारचं पाजणं तेवढं तुमचं, बाकीच्या वेळी तेच. आणि बाळ शांत झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भीतीदायक विचार येत असतील तर तो थकवा नाही, बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, ते औषधाने आणि बोलण्याने बरं होतं. टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, "कधी कधी वाटतं सगळं सोडून निघून जावं." ते मी वाचून पुढे गेलेली नाही. घरात कुणाला तरी आजच सांगा.

तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन दिवस ऑफिसच्या वेळेइतकं घराबाहेर राहून बघा. दूध काढून ठेवण्याचा सराव आताच करा, आपल्याकडच्या उकाड्यात लगेच फ्रिजमध्ये टाकायचं, तिथे 4 दिवस टिकतं. आणि एका गोष्टीची तयारी ठेवा, ऑफिस सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस तो रात्री परत जास्त उठेल. दिवसा आई नाही, मग रात्री आईही हवी आणि दूधही. त्यात आठव्या-नवव्या महिन्यात आई दिसेनाशी झाली की घाबरायचं वय येतं. तेव्हा केलेलं सगळं वाया गेलं असं वाटेल. गेलेलं नसतं. घरी आल्या आल्या, चपला काढून हातपाय धुतले की आधी त्याला घेऊन अर्धा तास शांत पाजा, चहा नंतर. हा अर्धा तास पक्का मिळाला की रात्रीची मागणी बऱ्यापैकी कमी होते. झोपवायचा क्रम मात्र तोच, वेळ तीच.

तीन गोष्टी इथेच कळवा म्हणजे मला पुढचं नेमकं सांगता येईल: गेल्या दोन महिन्यांची वजनं, तो घोरतो का, आणि वहीतले तीन दिवस, जसे लिहिलेत तसे, फोटो काढून टाकलात तरी चालेल.